धूर वजा केल्यावर

वाशी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६

प्रिय रोहिदास,

आधी एक कर. हे पत्र घेऊन धक्क्यावर जा आणि एकटाच वाच. ताईचं लेक्चर आलं म्हणून हसू नकोस. मला भीती वाटतेय, इतकी की मघापासून दोन कागद चुरगाळून टाकले. तुझ्या रक्तात शिसं आहे. गेल्या वर्षी मी नाही म्हणाले होते, ती माझी चूक.

तुमच्या शिरवण्याच्या बॅटरी कारखान्यातून तेव्हा सगळ्यांचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत आलं होतं. तुझ्या नळीचा आकडा निघाला एकसष्ट. चाळीसच्या वर गेला की आमच्या कपाळाला आठ्या पडतात. मी घाबरले, आणि हाताला लागलं ते कारण धरलं. आमचं यंत्र रक्ताचा थेंब जाळून त्यातून प्रकाश सोडतं. प्रकाशाच्या पट्ट्यातल्या आपल्या ठरलेल्या एका रेघेचाच प्रकाश शिसं गिळतं. पण जळत्या रक्ताचा धूरही प्रकाश अडवतो, आणि जुन्या यंत्राला दोघांतला फरक कळत नसे. मी तुला म्हटलं, धूर असेल रे. तू ते कारखान्यात सांगितलंस आणि तुझे दोस्त म्हणायला लागले, 'धूर हाय नुसता, रोहिदासची बहीन लॅबमध्ये हाय, तिला ठावं.' गावातली पहिली बीएस्सी ना मी! माझ्या शब्दाला एवढी किंमत पूर्वी कधी आली नव्हती.

दसऱ्याच्या सुमाराला नवं यंत्र आलं. त्यात मोठं चुंबक आहे. ते चालू केलं की शिशाची ती एक रेघ फाटून तिच्या तीन होतात. मधल्या रेघेचा प्रकाश एक काच अडवते, बाजूच्या दोन सरकून जातात, म्हणजे तेवढा वेळ शिशाला आमचा प्रकाश दिसतच नाही. धुराला चुंबकाचं काही सोयरसुतक नाही, तो अडवायचा तेवढा अडवतोच. आई पाटीसकट मासळी तोलून मग रिकाम्या पाटीचं वजन काढून टाकायची, तसा आम्ही धूर वजा करतो. उरतं ते निव्वळ शिसं. रविवारी तुझं रक्त नेलं, ते परवा त्यात घातलं. आकडा खाली यावा म्हणून एकवीरेला नारळ बोलले होते. आकडा पुन्हा एकसष्टच, त्यात धूर निघाला जेमतेम तीन. अठ्ठावन्न उरले.

तेव्हापासून रविवार डोळ्यांपुढून हलत नाही. मी आले तेव्हा आबा चुलीपाशी शिसं वितळवत होते. तू भंगार प्लेटा घरी आणतोस, आबा त्यांच्या जाळ्याला लावायच्या गोळ्या ओततात. विकतचं शिसं वाचलं म्हणून अख्ख्या कोळीवाड्याला तुझं कौतुक, आणि खोटं का बोलू, मलाही होतं. तुझी गंगू त्यांना चिकटून बसली होती. गार झालेल्या गोळ्या साच्यातून काढायच्या, एखादी गालात धरायची. आबा लाडानं म्हणत होते, 'माझी नात मोठी कारागीर व्हनार.' वैशाली म्हणाली, पोरगी महिनाभर धड जेवत नाही, पोट धरून रडते. आईनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, मी जंताचं औषध सुचवलं. दोघींत जास्त शिकलेली मी.

तरी मनात पाल चुकचुकली, म्हणून त्या दिवशी मी एक नळी नाही, दोन नेल्या. दुसरी गंगूची. वैशालीला म्हटलं, जंत तपासते. ती नळी आज सकाळपासून पाच वेळा लावली. आकडा तुझ्याहून मोठा आहे, ब्याऐंशी. चार वर्षांच्या जीवाला हे सोसत नाही रे, एवढं शिसं मेंदूत चढतं. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकू नका. आमचा शिपाई मारोती हे पत्र स्कूटरवरून घेऊन निघतोय. मी पूल ओलांडून इस्पितळात खाट धरून बसते. चूल विझव, पोरीला उचल, मिळेल त्या टॅक्सीत बस आणि मारोती सांगेल तिथे ये. आबांना एवढ्यात काही बोलू नकोस, ते मरतील. वाटेत तिला झटके आले तर तिला कुशीवर वळव, आणि गाडी थांबवू नकोस.

तुझीच,
दमयंतीताई