आपल्या बापाला काहून नाही?

जबलपूर

प्रिय दादा,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "कशी चालली आहे रेसिडेन्सी?" आणि मी म्हटलं, "मस्त." फोन स्पीकरवर होता, आई शेजारी लसूण सोलत बसली होती. दुसरं काय म्हणणार? म्हणून हे पत्र. तू हसशील, की या जमान्यात कागदावर कोण लिहितं. पण फोनवर तू लगेच उपाय सुचवायला लागतोस, आणि मला आधी कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हवं आहे.

खरं सांगू? मला काही येत नाही, दादा. एमबीबीएसला माझे मार्क किती चांगले होते ते तुला माहीत आहे, तूच पेढे वाटले होतेस. पण इंटर्नशिपचं वर्ष आम्ही वॉर्डात कमी आणि लायब्ररीत जास्त काढलं. पुढच्या प्रवेशपरीक्षेसाठी चार पर्यायांतून एक निवडायचा सराव चालायचा. सीनियर म्हणायचे, जा, अभ्यास कर, इथे थांबून काय मिळणार आहे. श्वासनलिकेत नळी टाकायला आम्ही प्लास्टिकच्या पुतळ्यावर शिकलो. सगळी बॅच मागे उभी, प्रत्येकाला एकेकदा संधी, नंतर ग्रुप फोटो. रुग्णाच्या नातेवाइकांशी कसं बोलावं याचाही एक तास असायचा. आमच्या बॅचचा प्रतीक त्यात मेलेल्या माणसाचा मुलगा झाला होता आणि इतका खोटा रडला, की मॅडमसुद्धा तोंड फिरवून हसल्या. मला त्यात पूर्ण मार्क मिळाले.

मग रेसिडेन्सी सुरू झाली आणि पनागरचे जगन्नाथजी आले. भाजीचा मळा करणारा माणूस, फुप्फुसं पार निकामी झालेली. सीनियर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकली होती, तिथूनच ओरडली, "यामिनी, नळी तू टाक." पहिल्यांदा जमलंच नाही. दुसऱ्यांदा गेली. सगळे "गुड, गुड" म्हणाले. मी कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, झाले मी डॉक्टर.

त्यानंतर ते श्वासाच्या मशीनवर होते, घशात नळी असल्याने बोलता येत नव्हतं. शुद्धीवर यायचे तेव्हा नळी ओढायला बघायचे, म्हणून त्यांचे हात पट्टीने पलंगाला बांधले होते. त्यांची मुलगी नर्मदा रोज भेटायच्या वेळी यायची. एक दिवस तिने माझा हात धरला. "दीदी, बाबूजी कुछ कहना चाहते हैं। थोड़ी देर के लिए निकाल दो ना।" मी तिला ऑक्सिजनचे आकडे सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग परत तेच म्हणाली, "थोड़ी देर के लिए।" नळी काढली असती तर ते गेले असते, आणि ठेवूनही ते वाचणार नव्हते. हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मला कोणत्याच वर्षात कोणी शिकवलं नव्हतं. जगन्नाथजी काही न बोलता गेले. त्यांना काय सांगायचं होतं ते नर्मदाला कधीच कळणार नाही.

आता बाबांचं सांगते.

त्यांचा खोकला तुला फोनवर ऐकू येतो ना? आई त्याला कोरडा खोकला म्हणते आणि ज्येष्ठमध चघळायला देते. पावसाळ्याआधी ते बाजारासाठी कमानिया गेटला गेले होते, परत येताना आपला जिना चढले आणि मधल्या पायरीवरच बसून राहिले. मी हसत हसत पाठीला स्टेथोस्कोप लावला. आतून चिकटपट्टी उघडताना येतो तसा आवाज येत होता, दोन्ही बाजूंनी, अगदी खालपर्यंत.

"काहून गप्प झालीस?" बाबांनी विचारलं.

स्कॅन झाला, दोन मोठ्या डॉक्टरांचं मत झालं. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, दादा. औषधाने वेग थोडा कमी होतो, आजार थांबत नाही. नवं फुप्फुस बसवण्याइतकं त्यांचं हृदय धड नाही. मी रिपोर्ट घेऊन बाहेर आले तर बाबा बाकावर बसले होते. म्हणाले, "मी तीस वर्षं पोरांना फिजिक्स शिकवलं. मला गोल गोल सांगू नको." मी सांगितलं. फार वाईट सांगितलं. मधेच इंग्रजी शब्द घातले, मधेच थांबले. त्यांनी चष्मा पुसला. "शेवटी मशीन लागते का?" मी जगन्नाथजींचं सगळं सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "मला ती नळी नको. मला घरी राहायचं आहे. आणि देवदत्तला सांगू नको, त्याला आत्ताच बाळ झालंय. तुझ्या आईला मी सांगीन." तुझ्यापासून लपवलं ते यामुळे. आईला मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही. रोज म्हणतात, उद्या.

गेल्या आठवड्यात बाथरूममधून बाहेर येताना त्यांचे ओठ निळे पडले. आईने मला वॉर्डात फोन केला, "गाडी घेऊन ये, भरती करायचं आहे." मी घरी गेले. ऑक्सिजनचं यंत्र मी आधीच आणून ठेवलं होतं, अशक्तपणासाठी आहे असं आईला सांगून. ते लावलं, औषध दिलं, पाठ चोळत बसले. हळूहळू रंग परत आला. तोवर बाबाराव काकाही धावत आले होते. म्हणाले, "आयसीयूत तुझीच ओळख आहे, बेड लगेच मिळेल. चलो, उठव त्यांना." मी उठले नाही. तेव्हा आई सगळ्यांसमोर म्हणाली, "दुसऱ्यांच्या बापाला भरती करून राहिली रोज, आपल्या बापाला काहून नाही?"

बाबांनी डोळे मिटले होते. त्यांनी माझं बोट घट्ट धरलं. मी दुसऱ्या हाताने त्यांची पाठ चोळत राहिले. त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते आणि आत निघून जाते. शेजारणीला अजून सांगते, घरातच डॉक्टर आहे. ते ऐकलं की वाटतं, पायात चप्पलही न घालता कुठेतरी निघून जावं.

पुढच्या वेळी रंग परत येणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा काका गाडी काढतील, आई माझ्या पाया पडेल, आणि मला एकटीला दारात उभं राहून नाही म्हणायचं आहे. मला ते जमणार नाही, दादा. मी कोसळेन आणि त्यांना घेऊन जाईन, आणि मग नळी टाकणारी मीच असेन. तू दसऱ्याला येतो म्हणाला होतास. दसऱ्यापर्यंत थांबू नकोस. वहिनीला आणि बाळाला मागून आण, तू आधी ये. मुंबईला नेऊ, अजून एका डॉक्टरला दाखवू, असं काही बोलू नकोस, ते सगळं करून झालं आहे. मला उपाय नको, माझ्या बाजूला उभा राहणारा माणूस हवा. बाबांना दिलेला शब्द मोडून हे पत्र लिहिते आहे. आईला आपण दोघं मिळून सांगू, बाबांच्या समोर बसून, साध्या मराठीत. मी घरात रडत नाही, कारण मी रडले की आईला सगळं कळेल. गाडी कळव, स्टेशनवर मी एकटीच घ्यायला येईन. घरी जाण्याआधी मला तिथेच थोडा वेळ रडू दे.

तुझीच,
यामिनी