कंडक्टरचा डावा हात

बाई, तुम्ही गेल्यावर आपलं बाहुल्यांचं पथक मी चालवत राहिले. आता ते बंद पडतंय, आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. घरचे म्हणतात, सुटलीस एकदाची.

कोपरीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात मी हात वर करून उभी आहे. हातात भावाचा जुना मोजा, त्याला बटणांचे डोळे. कुकर होईपर्यंत हात खाली आणायचा नाही, आणि नुसता वर धरूनही भागत नाही, मोज्याने श्वास घेतला पाहिजे. तुम्ही माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटताय. खांदा भरून येतो, माझं लक्ष शिट्टीकडे जातं, आणि तुम्ही मागे न बघता म्हणता, "मेली गं तुझी बाहुली." कसं कळायचं तुम्हाला, कोण जाणे. मला भयंकर राग यायचा. दिवसभर शाळेत तुम्हीच, संध्याकाळी पुन्हा तुम्हीच! तरी दुसऱ्या दिवशी मी हजर असायचे.

मग तुम्ही कंडक्टर केलात. खोपटच्या एसटी डेपोत जाऊन खरे कंडक्टर न्याहाळलेत आणि खाकीतला हा पोट सुटलेला गृहस्थ घडवलात. त्याला नाचवायला दोन माणसं लागायची. डोकं आणि उजवा हात तुमच्याकडे, डावा माझ्याकडे. तिकिटाचा चिमटा खरं तर तुमच्या हाताला शोभला असता, सगळा हशा त्याच्यावर होता. पण तो तुम्ही मला दिलात आणि कंडक्टर डावखुरा झाला. बुद्धजयंतीला आमच्या चाळीत खेळ झाला, तेव्हा बाहुल्यांना पोरखेळ म्हणणारे माझे वडील डोळे पुसत हसले. ते बघायला मी पडद्याच्या फटीतून डोकावले आणि चिमटा हवेत थिजला. खेळ संपल्यावर तुम्ही सगळ्यांदेखत बोललात, "हसवायचं काम तुझं. बघायचं नाही." मी रडले होते. आजही पडद्यामागे उभी राहिले की मान आपोआप खाली जाते.

तुमच्यानंतर मी डोक्याकडे सरकले. डावा हात कितीजणांना शिकवला म्हणून सांगू! कुणाचं लग्न झालं, कुणाचे क्लास सुरू झाले, एकाला नुसता कंटाळा आला. त्यात खेळ मिळेनात. ठाण्या-डोंबिवलीतल्या शाळांचे उंबरठे झिजवले. एका मुख्याध्यापिकेने चहा पाजला, कंडक्टरला हात लावून बघितलं आणि विचारलं, "ह्याचा व्हिडिओ नाही का मॅडम? आम्ही प्रोजेक्टरवर दाखवू." वाढदिवसवाले विचारतात, कार्टूनचे ड्रेस घालून येता का. मी फुकट शिबिरं घेतली, स्वतः पत्रकं वाटली. शेवटी मोबाईलवर पथकाचं पान काढून घेतलं, खूप लोकांनी अंगठे दाखवले. फोन एकच आला. त्याला कंडक्टर विकत हवा होता, दुकानात ठेवायला. मी त्याला वाट्टेल ते बोलले.

ते पान काढणारी मुलगी डोंबिवलीची. वडील केमिकल कंपनीत. अशाच एका शिबिरात आली, हात लाकडासारखा. मी तिलाही कुकरसमोर उभी केली. कुरकुरली, भांडली, आणि एके दिवशी तिच्या हातातला मोजा झोपेतल्या बाळासारखा श्वास घेऊ लागला. माझ्याहून चांगला हात आहे बाई तिचा. मी कधी डोकं वळवणार हे तिला माझ्याआधी कळतं. तिच्याबरोबर खेळताना मला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्या मागेही राहील.

गेल्या महिन्यात एका रविवारी सराव झाल्यावर ती गेलीच नाही. खुर्च्या लावल्या, पडदा घडी केला, पुन्हा उलगडला. मग म्हणाली, "ताई, पप्पांची कंपनी गुजरातला शिफ्ट होतेय. मला पण तिकडच्या लॅबमध्ये घेतायत. परमनंट आहे."

"मग?"

"मग काय! तुम्ही बोललात तर मी मावशीकडे राहीन ना इकडेच. आईशी भांडेन मी. कंडक्टरचं काय होणार पण?"

तिचे डोळे भरले होते. माझ्या एका शब्दावर ती थांबली असती. आणि थांबून काय करणार होती? माझ्यासारखी पत्रकं वाटली असती. घरात वेडी ठरली असती. तुमचं मला माहीत नाही बाई, पण मला ह्या कलेने खूप एकटं केलं. त्या पोरीला त्यात ओढायचं माझ्याने झालं नाही.

"जा तू," मी म्हटलं. "डाव्या हाताला मिळालीय मला एक. कल्याणची आहे."

"कधी? मला बोलला नाहीत." पडदा पुन्हा घडी करत तिने विचारलं, "चांगली आहे?"

"तुझ्याहून चांगली."

तिचा चेहरा एवढासा झाला. चप्पल घालताना तिला पट्टा सापडेना. मग ती वाकून माझ्या पाया पडली, आजवर कधी पडली नव्हती, आणि गेली. तेव्हापासून तिचा मेसेज नाही. तिकडे पोचली असेल.

हे पत्र कपाटात राहील, तिच्या हाती तर मुळीच लागता कामा नये. बाई, कल्याणची कुणी मुलगी नाही. आणि ती जिना उतरत असताना मी दारात उभी होते. तिने एकदा जरी वळून पाहिलं असतं, तर मी थांब म्हणाले असते.