नऊदा विकलेली कोंबडी

एल्डोरेट, सोमवार

प्रिय आईस, नेकेसाचा वाकून नमस्कार.

मिळाला गं प्रवेश! फीची पावती हातात आहे. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "एवढे पैसे कुणी दिले?" मी म्हटलं, "आमच्या कोंबडीने." त्या लगेच समजल्या. "माझ्या वेळी बकरा होता," म्हणाल्या आणि ठणकन शिक्का मारला.

माझ्या फीसाठी चर्चच्या अंगणात झालेला तो लिलाव आठवतो. एकामागून एक नऊ जणांनी तीच कोंबडी विकत घेतली आणि दर वेळी तुला परत दिली. "पोरीला शिकवून काय उजेड पडणार?" म्हणणाऱ्या वाफुलाकाकांची बोली सगळ्यांत मोठी!

दुपारी मक्याच्या पिठाची उगाली पोटभर मिळते, रात्री चहावर भागतं. तुझा गुडघा कसा आहे?

कितीही मोठा पाहुणा येवो, ती कोंबडी कापू नकोस. पुढच्या वर्षी आपल्या धाकट्या सिमियूला कॉलेजात जायचंय.

तुझीच,
नेकेसा