नातवाची रात्रपाळी

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे आठांपैकी दोन अंगे वजा करून जे उरेल ते स्वीकारावे.) तुझा खोकला, तुझा रक्तदाब आणि तुझा राग यांची प्रकृती कशी आहे? पहिल्या दोघांचे औषधपाणी चालू असेलच. तिसऱ्याला तू स्वतःच्या हाताने खुराक घालतेस, तेव्हा तो धष्टपुष्ट असणार यात मला शंका नाही. इकडे सर्व कुशल. (कुशल हा शब्द पत्रात लिहायचा असतो म्हणून लिहिला.) हे सगळे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तूच बोलतेस. पत्राचे तोंड मध्येच बंद करता येत नाही, ही त्याची एकमेव थोरवी.

तू लेकीच्या घरून बॅग भरून तडकाफडकी निघून गेलीस आणि तुझ्या जागी माझी नेमणूक झाली, कारण आपल्या घराण्यात हळू बोलणारी मी एकटीच. जावईबापू एवढेच म्हणाले होते, "आई, जरा हळू बोलता का? बाळ झोपलंय." त्यावर "मी हळू बोलायला लागले तर लोक डॉक्टरला बोलावतील" असे ठणकावून तू गाडी बोलावलीस. असो. तू परत येण्याची मुळीच गरज नाही, हे कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आता इथले हाल. जावईबापू वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीचे यंत्रप्रमुख. सध्या बाप झाल्याबद्दल रजेवर आहेत, पण रजा त्यांना मिळाली, त्यांच्या झोपेला नाही. जग उठते तेव्हा ते आडवे होतात आणि जग आडवे झाले की त्यांना तरतरी येते. तुझ्या लेकीने लग्नापासून सगळे घर त्यांच्या झोपेभोवती गुंडाळून ठेवले आहे. झोपायच्या खोलीच्या काचांना छापखान्यातले वाया गेलेले कागद चिकटवले आहेत (त्यांतल्या एका पानावर हवामानाचा अंदाज आहे, बाहेर काय चालले आहे हे कळायला तेवढाच आधार), दारावरच्या घंटीला जुना पायमोजा घातला आहे, कुकर सेवानिवृत्त झाला आहे, आणि भांडी अशी घासली जातात की जणू चोरीचा माल आहे. भर दुपारी आम्ही चवड्यांवर चालतो आणि खुणांनी बोलतो. परवा मला शिंक आली तर ती मी गच्चीवर नेऊन दिली.

अशा या घरात तुझा नातू अवतरला. बाप झोपला म्हणून शांतता, बाळ झोपले म्हणून आणखी शांतता. त्यावर कळस असा, की यंत्रांच्या घरघरीशिवाय जावईबापूंना चैन पडत नाही, म्हणून त्यांनी छापखान्याचा आवाज फोनमध्ये भरून आणला आहे. "मावशी, एकसुरी आवाजानं बाळं छान झोपतात, सगळेच सांगतात!" तेव्हा सकाळी पाळण्याशेजारी आवृत्ती छापली जाऊ लागते आणि नातू जो झोपतो तो दिवस मावळेपर्यंत, दुधासाठी कसाबसा अर्धा डोळा उघडतो तेवढाच. घरात याचे केवढे कौतुक! "किती शहाणं बाळ, दिवसा त्रासच नाही!"

आणि सूर्य मावळला की या घरावर तेज चढते. बाळ चुळबुळले रे चुळबुळले की खोलीतले सगळे दिवे लागतात, चहाचे आधण चढते. तुझी लेक पाजते न पाजते तोच बाप त्याला उचलतो, खुळखुळे वाजवतो, गाणी म्हणतो, आणि मला हलवून उठवतो. "मावशी, बघा ना, कसा टकामका बघतोय! हुशार निघणार हो!" मी बघते. घुबडाला संस्कृतात दिवाभीत म्हणतात, म्हणजे दिवसाला भिणारा. नातवाचे मी तेच नाव ठेवले आहे. कागदोपत्री तुम्हाला हवे ते ठेवा. संस्कृतात आणखी एक शब्द आहे, अजागलस्तन. शेळीच्या गळ्याला दोन बोंडे लोंबतात ना, दिसायला स्तन पण थेंब म्हणून निघत नाही, ती. रात्रीच्या सोहळ्यातले जावईबापूंचे स्थान सांगायला मला याहून नेमका शब्द सापडला नाही. (मी तो त्यांच्या तोंडावर वापरला. त्यांनी अर्थ विचारला. मी "आधारस्तंभ" म्हणून सांगितले. खूश झाले.)

हसण्यावारी नेता येत नाही ती एक तुझी लेक. रात्रभर पाजायचे, नवऱ्याचा उत्साह सोसायचा आणि दिवसा घर आवरायचे, कारण "दिवसा तर बाळ झोपतंच की". दिवसा तिचा डोळा लागत नाही. तू तिला माणसासारखी वाढवलीस, हा दोष तुझा. परवा तिने बाळाचे टोपडे पाण्याच्या बाटलीला घातले आणि बाटली खांद्यावर घेऊन थोपटत उभी राहिली. ढेकर येत नाही म्हणून काळजीत होती. मी हसले. तीही हसली, आणि हसता हसता जी रडायला लागली ती थांबेचना. "मावशी, माझ्या दुधातच खोट आहे गं. पोट भरत नाही त्याचं, म्हणून जागतो. उद्यापासून डब्याचं दूध आणते." पाजताना तिचा चेहरा कसा होतो ते तू पाहिले आहेस. तेच सोडायला निघाली होती. मी म्हटले, आईला बोलावू का? "नको. त्या दिवशी मी तिला अडवलं नाही. आता कोणत्या तोंडानं बोलावू?"

म्हणून मी या तिघांची, म्हणजे एक रडवेली, एक झोपलेला आणि एक झोपेत चालणारे, अशी वरात बालडॉक्टरीणबाईंकडे नेली. वजन उत्तम भरले. दूध भरपूर आहे, बाई म्हणाल्या. मग त्यांनी आमच्या दिनक्रमाची चौकशी केली. जावईबापूंनी मोठ्या अभिमानाने छापखाना ऐकवला. बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"घरात रात्रपाळीला कोण असतं?"

"मी."

"आता दोघं झालात. अहो, एवढ्याशा जिवाला दिवस-रात्र कळतच नाही, ते दोन-तीन महिन्यांत हळूहळू जमतं. पण तुम्ही त्याला पद्धतशीर उलटं शिकवताय!"

पुढे त्यांनी जी काही हजेरी घेतली तिचा सारांश असा: दिवसा खिडक्या उघड्या, माणसांची बोलणी, भांड्यांचे आवाज, झोपला तर उजेडातच झोपू द्यावा आणि फार वेळ झाला तर उठवून पाजावे. रात्री एक मिणमिणता दिवा, दूध, गरज असेल तरच लंगोट बदलणे, आणि मुकाट्याने पुन्हा पाठीवर निजवणे. आईच्या रात्रीच्या दुधात निसर्ग झोपेचा अंश आपणहून घालतो, तेव्हा ते दूध बंद करण्याचे नावही काढू नये. "भुकेनं रात्री उठणारच हो तो. पण तुम्ही संमेलन कशाला भरवता?" तुझ्या लेकीने बाळाला पोटाशी असे धरले की जणू कोणी ते परत मागणार होते.

घरी आल्याबरोबर कागद खरवडले. खोलीत ऊन शिरले. जावईबापू दारात डोळे किलकिले करून उभे. "दुपार अशी दिसते होय?" रात्रीची बाजूही सुधारली, एक दिवा, सगळ्यांची तोंडे बंद, आणि जावईबापू ओठांवर बोट ठेवून कोपऱ्यात आधारस्तंभासारखे. घोडे अडले ते दिवसाच्या आवाजापाशी. या घरात आवाज करता येणारे माणूसच उरलेले नाही! जावईबापूंनी पातेले आपटायला हातातून सोडले आणि सवयीने वरच्यावर झेलले. तुझी लेक भांडतेसुद्धा कुजबुजत. अखेर मी पदर खोचला. पाळण्याशेजारी उन्हात खुर्ची टाकून बाळाला जागे ठेवण्यासाठी मोठ्याने (माझ्या मते) संस्कृत शब्द विभक्तीवार चालवायला सुरुवात केली. तृतीयेला दिवाभीत झोपला. चतुर्थीला जावईबापू. षष्ठीला तुझी लेक, बसल्या जागी. संबोधन ऐकायला कोणी शिल्लक नव्हते. संस्कृत शिकवायची तेव्हा वर्गातही असेच होत असे, पण तिथे मी ते विद्यार्थ्यांचे जडत्व समजत होते.

एकंदरीत सर्व सुरळीत आहे. तू आपल्या रागासह जिथे आहेस तिथे सुखी राहा. लोभ आहेच, तो मोठ्याने सांगता येत नाही इतकेच.

तुझी,
धाकटी

ता. क. एक सांगायचे राहिले. काल दुपारी तू शेजारणीच्या मांजरीची तक्रार सांगायला फोन केला होतास, आणि मी तो नेहमीप्रमाणे कानापासून हातभर लांब धरला होता. नातू टक्क जागा झाला. रडला नाही. मांजर संपेपर्यंत डोळे विस्फारून ऐकत राहिला, मग पोटभर प्यायला, आणि रात्री पाजल्यावर प्रथमच आपणहून निजला. तुझी लेक त्याच्यामागोमाग निजली. तेव्हा वरचे सगळे पत्र रद्द समज आणि मिळेल त्या गाडीने निघ. मांजरीच्या उरलेल्या तक्रारी बरोबर आण.

ता. क. दुसरा. जावईबापूंनी विचारले, आईंना काय आवडतं? मी म्हटले, माफी. सध्या मजकूर जुळवताहेत. छापखान्यातला माणूस, चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर बारीक अक्षरात द्यायची सवय! मी बजावले आहे, पहिल्या पानावर, मोठ्या टाइपात.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना तुझ्या लेकीने पत्र ओढून घेतले आणि वाचले. म्हणाली, "एवढं कशाला लिहायचं? ये म्हणावं, बस." मग जरा वेळाने आतून परत आली. "आणि मावशी, राग गेला नसेल तर तसाच घेऊन ये म्हणावं. फक्त दिवसा रागाव."