संमतीपत्रावर होय की नाही

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
खाडीकाठ धर्मादाय रुग्णालय,
ठाणे (पूर्व).

विषय : कु. शालू दामाजी नाखवा (वय १५) हिला इन्सुलिनच्या सुईऐवजी पंप लावण्याच्या संमतीपत्रावर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीच लिहिता येत नसल्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. मधु/पंप/७, दि. ३ नोव्हेंबर १९९७.

महोदय,

१. मी खाली सही करणार दामाजी विश्राम नाखवा, राहणार कोळीवाडा, ठाणे (पूर्व), धंदा मासळीचा. नऊ वर्षे मच्छीमार सोसायटीचा चिटणीस असल्याने धक्का, डिझेल, खाडीत सोडलेले काळे पाणी अशा नाना विषयांवर अर्ज केले आहेत. अर्ज लिहिताना माझा हात कधी अडला नाही. हा मात्र चौथ्यांदा फाडून लिहीत आहे.

२. शालू ही माझी मुलगी. तिला तेराव्या वर्षापासून मधुमेह असून दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. रुग्णालयास देणगीदाखल एकच पंप आला आहे. तो कमरेला अडकवला की बारीक नळीतून औषध आपोआप अंगात जात राहते. नियमित सुई घेऊनही ज्याची साखर आवरत नाही अशा रुग्णास तो द्यावा असे ठरून शालूचे नाव निघाले. माझी पत्नी सगुणा हिने देवीपुढे नारळ ठेवला. शालूने पंपासाठी फुलाफुलांची पिशवीसुद्धा शिवली. पोरगी किती महिन्यांनी हसली ते मी सांगू शकत नाही.

३. दि. ५ रोजी सिस्टर सुमती यांनी पंप कसा भरायचा ते आम्हांस दाखविले. जाता जाता त्या म्हणाल्या की उरलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फात कधी नको, एकदा गोठलेलं इन्सुलिन म्हणजे पाणीच समजा. शालू तेव्हा पंपाची बटणे बघत होती. तिने ऐकले नाही. मी ऐकले.

४. आमचेकडे फ्रिज नाही. पहिली दोन वर्षे बाटली माठाशेजारच्या ओल्या मडक्यात असे व काही तक्रार नव्हती. गेल्या मार्चात उन्हाळा वाढला म्हणून ती मी मासळीच्या पेटीत, बर्फात ठेवू लागलो. बर्फ टिकावा म्हणून आम्ही त्यावर खडे मीठ टाकतो. मीठ पडले की बर्फ असा कडक होतो की पापलेटाचा दगड होतो. माझी समजूत अशी की जितके गार तितके चांगले. ठाण्यातल्या बंगलेवाल्यांच्या औषधापेक्षा माझ्या मुलीचे औषध जास्त गार असते, असे मी चारचौघांत फुशारकीने सांगत असे. सकाळी बाटली काढली की तीत गोळे दिसत. ते मी हातात चोळून विरघळवीत असे.

५. एप्रिल व जून महिन्यांत शालू बेशुद्ध होऊन आपल्या वॉर्डात दाखल झाली. वॉर्डात साखर उतरे, घरी आली की चढे. त्यावरून जूनमध्ये डॉक्टरसाहेबांनी केसपेपरवर लिहिले : ‘रुग्ण घरी सुई चुकवते व खोटे बोलते.’ त्यांना दोष नाही, त्यांना पेटी माहीत नव्हती. मला माहीत होती. त्या दिवशी घरी येऊन मी शालूस मारले. ती एकच म्हणत होती, “बाबा, सुई रोज घेतंय मी. तुझी आन.” ऑगस्टपासून सुई मी माझ्या हाताने देऊ लागलो व तसे रुग्णालयास कळविले, त्यावरूनच पुढे पंपासाठी तिचे नाव निघाले. माझ्या डोळ्यांदेखत औषध अंगात जात होते, तरी साखर उतरेना. तेव्हा ही चोरून गोड खाते असे मनात धरून मी तिचे दप्तर उचकले, मैत्रिणींना विचारले. म्हणजे डोळ्यांनी पाहूनही मी पोटच्या पोरीवर विश्वास ठेवला नाही.

६. आता अडचण अशी. संमतीपत्रात छापले आहे की ‘औषध योग्य रीतीने सांभाळून दिले आहे असे मी लिहून देतो.’ ‘होय’ लिहिले तर पंप मिळतो, पण मी खोटा व केसपेपरवर मुलगी खोटी. ‘नाही’ लिहिले तर पुढे कारणाचे दोनच रकाने आहेत : ‘पालकांची इच्छा नाही’ व ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’ आपले कारकून श्री. चांगदेव यांना तिसरा रकाना मागितला. ते म्हणाले, “काका, फॉर्म वरून छापून आलाय. मी काय हाताने घर आखू?” बरोबर आहे त्यांचे. बापाच्या चुकीसाठी रकाना कोण छापतो?

७. त्यात भर म्हणजे नवी बाटली दि. ५ पासून मडक्यात आहे. काल रक्त तपासले, साखर उतरली आहे. शालू टाळी वाजवून म्हणाली, “बघ बाबा, पंपाचं नाव काढलं तशी घाबरली!” मी तिच्याबरोबर हसलो. खरे सांगावे तर सुईच पुरेशी ठरते आणि तिच्या हातातला पंप जातो. न सांगावे तर पंपाचा खरा हक्कदार दुसराच कोणी उपाशी राहतो. कोणत्याही बाजूने गेलो तरी माझाच हात पोरीच्या ताटाखाली येऊन ते उलटवतो. सहा दिवस मी जेवलो नाही. घरी पोट बिघडल्याचे सांगितले आहे.

८. तरी विनंती की (अ) केसपेपरवरील जूनची ओळ खोडून तेथे माझे नाव घालावे. (ब) पंपाबाबत निर्णय आपण करावा, मी त्या लायक उरलो नाही. हा अर्ज शालूस वाचावयास देऊन मगच दाखल करीत आहे. तिला जे लिहायचे असेल ते तिने खाली लिहावे, त्यास माझी हरकत नाही.

आपला शरमिंदा अर्जदार,
दामाजी विश्राम नाखवा
ठाणे, दि. ११ नोव्हेंबर १९९७

सोबत : १. संमतीपत्र (कोरे). २. गोठलेली बाटली, एक. कृपया तपासून पाहावी.

अर्ज वाचला. आईलाही वाचून दाखवला. ती उठून पेटी धुवायला गेली. ज्याची साखर सुईने खरंच उतरत नाही असं दुसरं कुणी असेल तर पंप त्याला द्या. कुणी नसेल तर मला पाहिजे. माझी इच्छा नाही असं मात्र कुठेही लिहू नका. बाबांचं नाव त्या ओळीत घालू नका, नुसती खोडा. बाटली आता मी सांभाळते.
— शालू