काका इज डन

सोमवार, २ फेब्रुवारी

आजपासून कामावर सॉरी म्हणणं बंद. इथे सॉरी म्हटलं की लोक ‘फॉर व्हॉट?’ विचारतात आणि मग आपल्यालाच कारण शोधावं लागतं.

मी घाबरट नाही, हे नोंदवून ठेवते. प्रत्येक गोळी तीनदा तपासते, ती फक्त शिस्त आहे.

पुढच्या शुक्रवारी अमेरिकेतल्या या रिहॅब सेंटरमधलं, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंटना चालतं करणाऱ्या जागेतलं, माझं ओरिएंटेशन संपतं. डेनिस, म्हणजे मला शिकवणारी सीनियर नर्स, मीटिंग घेणार आणि मला माझे स्वतःचे पेशंट मिळणार. मिळतीलच. अप्पांना तसं फोनवर सांगूनही टाकलं. अप्पा चाळीसगावला टेम्पो चालवतात. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. ‘कायम होणार’ हे ऐकून म्हणाले, पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकतो. मी नको म्हटलं नाही. आत्मविश्वास दाखव, असं डेनिसच सारखं सांगते.

दिवसभरात सॉरी झालंच. पण अगदी हळू आवाजात.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

नवीन पेशंट. वॉल्टर. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन, निवृत्त फायरमन, कानाने कमी. मिस्टर लावून हाक मारली तर म्हणाले, मिस्टर माझा बाप होता, मी वॉल्टर. डेनिस म्हणाली, मग वॉल्टरच म्हण.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला नुसतं वॉल्टर म्हणायला जीभ रेटत नाही.

घरी दिगंबरकाकांना विचारलं. आयसेलिनला त्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहते. निवृत्त डॉक्टर आहेत, चाळीस वर्षं अमेरिकेत काढलीत. म्हणाले, इथे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, त्यात लाजण्यासारखं काय? प्रतिमाकाकू आतून म्हणाल्या, स्वतःला मात्र जन्मभर डॉक्टर म्हणवून घेतलं.

निर्णय घेतला. मी त्यांना काका म्हणणार. आदरही राहतो, आणि छोटासा शब्द आहे, कुणाला त्रास नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काका हा शब्द वॉर्डात हिट झालाय!

योलांडा ही आमची एड, म्हणजे मदतनीस. पेशंटची अंघोळ, कपडे, संडास तिच्याकडे. डॉमिनिकन रिपब्लिकची आहे, एरवी स्पॅनिश बोलते. फार तत्पर. सकाळी नाश्त्याचा ट्रे घेऊन दारातून म्हटलं, काका रेडी. तर ही बेडपॅन घेऊन पळत आली. नाश्त्याआधी बेडपॅन द्यायची इथली पद्धत असावी. वॉल्टरकाका नको नको म्हणत होते, पण योलांडा प्रेमळ असली तरी ठाम आहे.

नंतर तिने कॉरिडॉरच्या त्या टोकाहून विचारलं, ‘काका इज डन?’ नाश्ता संपला होता. मी म्हटलं, ‘येस, काका इज डन, ऑल फिनिश्ड.’ तिने अंगठा दाखवला आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. जेवणानंतर पुन्हा तेच. चहानंतरही.

इतके दिवस इथे मीच त्यांचे शब्द शिकत होते. आज त्यांनी माझा एक घेतला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

योलांडाने विचारलं, काका बिग? तिला काकांबद्दल आस्था आहे. मी म्हटलं, व्हेरी बिग. फायरब्रिगेडमध्ये मोठ्या पदावर होते. ती ‘वॉव’ म्हणाली आणि टाइप केलं.

डॉक्टरांनी चार्ट पाहून वॉल्टरकाकांचं पोट साफ होण्याचं औषध बंद केलं. चांगलं लक्ष आहे डॉक्टरांचं.

रविवार, ८ फेब्रुवारी

सुट्टी. अप्पांचा फोन. पेढे किती किलो सांगू, असं विचारत होते. टेम्पो स्टँडवर सगळ्यांना सांगितलंय की उत्तरा आता हॉस्पिटल चालवणार. मी दुरुस्त करणार होते, पण रेंज गेली.

रेंज गेली नव्हती. वायफायच आहे. पण जाऊ शकली असती.

सोमवार, ९ फेब्रुवारी

कळलं की शनिवार-रविवार वॉल्टरकाकांना एकदाही संडासला झाली नाही. आज मी आले आणि चार्टवर पुन्हा सुरू. मी असले की पेशंट मोकळा होतो. मीटिंगमध्ये हे आपण होऊन सांगायचं नाही. डेनिसच्या लक्षात आलं असेलच.

डॉक्टर मात्र काळजीत. इतक्या वेळा म्हणजे इन्फेक्शन असू शकतं. खोलीच्या दारावर पिवळी पाटी लावलीय, आत जाताना गाऊन. तपासणीला नमुना हवाय, तो मात्र कुणाला मिळत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

गाऊनची नाडी इतकी व्यवस्थित बांधते की डेनिस बघत राहिली. बहुतेक कौतुकाने. म्हणाली, नाडी थोडी सैल राहिली तरी चालेल, पण कधीतरी आत जा.

वॉल्टरकाका म्हणाले, मला गेल्या बुधवारपासून झालेली नाही, पण इथे मला कुणी विचारतच नाही. वयाप्रमाणे विसर पडतो. समजावलं की चार्टमध्ये सगळं लिहिलंय. त्यांनी माझा हात धरून पोटावर ठेवला. पोट कडक लागलं. फुगलेलंही.

पण चार्ट स्पष्ट आहे. चार्टवर इतक्या जणांनी सह्या केल्यात, आणि मी अजून ओरिएंटेशनवर. उद्या डेनिसला सांगते. नक्की.

बुधवार, ११ फेब्रुवारी

वाक्य तयार केलं. बाथरूममध्ये आरशासमोर पाठही केलं. डेनिसपाशी गेले तर ती फोनवर होती. सॉरी म्हणून परत आले. दुपारी ती जेवत होती. जेवणाऱ्या माणसाला हे सांगणं बरं दिसत नाही.

वॉल्टरकाका जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी काका म्हणून हाक मारली, तर ते काही बोलायच्या आत योलांडा बेडपॅन घेऊन आली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सकाळी वॉल्टरकाकांना उलटी. पोट प्रचंड दुखत होतं. डॉक्टर आले, एक्सरे झाला. इन्फेक्शन वगैरे काही नाही. आठवडाभराचं सगळं आतच आहे.

डॉक्टरांनी विचारलं, मग चार्टवर हे कुणी लिहिलं? योलांडाने माझ्याकडे बोट केलं. हीच रोज सांगते, काका झाली, खूप मोठी झाली.

मी म्हटलं, काका म्हणजे वडिलांचा भाऊ.

योलांडा म्हणाली, ‘आमच्याकडे काका म्हणजे शी.’

कुणी हसलं नाही. नंतर पॅन्ट्रीतून आवाज आले, ते हसण्याचे असावेत. डेनिसने मला बाजूला घेतलं. शब्दाबद्दल ती काहीच बोलली नाही. फक्त विचारलं, ‘वॉल्टर सांगतात, मंगळवारी तुझ्या हाताला पोट कडक लागलं होतं. मग कुणाची वाट बघत होतीस?’

मी एनिमाचं सामान काढायला गेले.

एनिमा मी स्वतः दिला. थोडाच उपयोग झाला, पण उलट्या थांबल्या. वॉल्टरकाकांना सॉरी म्हटलं. त्यांनी ‘फॉर व्हॉट?’ विचारलं नाही.

घरी सांगितलं तर दिगंबरकाकांनी आधी खिडकीतून शेजारच्या घराकडे बघितलं. मग म्हणाले, शेजारच्या स्पॅनिश बोलणाऱ्या मारियाला आणि तिच्या मुलांना मी गेली वीस वर्षं ‘कॉल मी काका’ सांगत आलोय. प्रतिमाकाकूंना पदर तोंडात धरून खुर्चीवर बसावं लागलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

उठले तर अप्पांचे फोटो. स्टँडवर पेढे वाटताना, शाळेत सरांना देताना, बँकेत, पोस्टात. चाळीसगावला शुक्रवार आमच्या आधी उगवतो, हे लक्षातच आलं नव्हतं. माझी मीटिंग व्हायच्या आत पेढे संपले.

मीटिंग छोटी झाली. डेनिस म्हणाली, तुझे हात चांगले आहेत, त्यांच्यावर तुझा विश्वास नाही. ओरिएंटेशन चार आठवड्यांनी वाढवलं. मी थँक यू म्हटलं. सॉरी म्हणायचं होतं, उलटं झालं.

मग वॉल्टरकाकांची खोली. पिवळी पाटी काढलेली. सकाळपासून तोंडात घोळवत होते, वॉल्टर, वॉल्टर, वॉल्टर. दार उघडलं आणि म्हटलं, ‘गुड मॉर्निंग, काका.’

योलांडा चादर बदलत होती. ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. वॉल्टरकाका थोडे विचारात पडले. मग म्हणाले, ‘आत्ता खरंच.’

बेडपॅन मीच आणलं. सगळं नीट झालं. भरपूर. योलांडाने टाइप करण्याआधी माझ्याकडे न बघता स्वतः येऊन खात्री करून घेतली.

घरी आल्यावर अप्पांचा फोन. मागे आई, आणि आवाजावरून स्टँडवरचेही दोघेतिघे. अप्पांनी विचारलं, काय म्हणाले साहेबलोक? सगळं खरं सांगायचं ठरवून फोन घेतला होता. म्हटलं, अप्पा, अजून चार आठवडे डेनिस मला एकटीला सोडायला तयार नाही.

अप्पांनी ते मागे वळून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. मग मला विचारलं, एवढं अडतं का गं त्यांचं तुझ्यावाचून?

मी हो म्हटलं.