रॅमच्या दोन पट्ट्या

२ फेब्रुवारी
आलो एकदाचा कोयनानगरला! सांगलीच्या धुळीतून सुटलो. डोंगराला टेकलेली खोली, दारात चाफा. माया खूश आहे. तिला सातवा महिना, त्यात जिना नाही, म्हणजे दुधात साखर. नोकरी हंबीररावांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. त्यांनी लगेच एक जुनं मशीन पुढ्यात ठेवलं. विंडोजची सिस्टीम टाकायला घेतली की पाव भाग भरल्यावर निळा स्क्रीन येऊन बंद पडतं. रॅम, म्हणजे मशीनची मेमरी, खराब, मी ऐटीत सांगून टाकलं. मग सिस्टीम भरायला लावून बघितलं, तेवढ्यात जमीन हलली. हंबीररावांनी नुसता चहाच्या कपावर हात ठेवला. "घाबरू नगा, आमच्यात रोजचंच हाय." मीही हसलो.

४ फेब्रुवारी
आत रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. एक काढायची, दुसरीवर चालवून बघायचं, ही आमची रीत. गाडी निम्म्यापर्यंत गेली, मग निळा स्क्रीन. मधेच धक्का, जरा लांबलेला. धक्क्यानं पट्टी ढिली होत असेल म्हणून दाबून बसवली. नवा गडी लय चिवट हाय, असं हंबीरराव गिऱ्हाइकाला सांगत होते. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी
आज दुसरी पट्टी एकटीच लावली. पाऊण भाग झाला. तेवढ्यात धक्का, समोरच्या घराची कौलं घसरली. सिस्टीम भरायला लागली की जमीन हलते, निळा स्क्रीन आला की थांबते. दरवेळी. नुसती रॅमची तपासणी लावली तेव्हा काहीच हललं नाही. दोन्ही पट्ट्यांच्या तपासणीत स्क्रीनवर लाल ओळी, म्हणजे दोन्ही खराब. हंबीररावांना सगळं सांगितलं. त्यांनी हसून चहा मागवला.

६ फेब्रुवारी
दोन्ही पट्ट्या खिशात घालून घरी आणल्या. रॅमशिवाय मशीन चालूच होत नाही. मायाला म्हटलं, माहेरी जा. शेजारच्या आक्काताईंनी रविवारी डोहाळजेवण ठरवलंय, ते झालं की जाते म्हणाली. मला भीती वाटते. खूप वाटते.

७ फेब्रुवारी, सकाळ
हंबीररावांचा फोन. स्वतःच्या मशीनच्या चांगल्या पट्ट्या त्या जुन्या मशीनात लावल्या म्हणे — "तुमचंच खरं, रॅमच खराब हुती. आता न थांबता चाललंय बघा!"
वायर ओढा म्हणून ओरडलो. फोन कट —

भांडी वाजतायत.

खराब पट्ट्यांमुळेच ते थांबत होतं. त्या माझ्या खिशात —

मायाला बाहेर ओढतोय, येत नाही. रोजचंच आहे म्हणते. कपावर हात ठेवून हसतेय —

निळा स्क्रीन येईल. आता येईल. आता —